डोक्यावर गेलेला विळा

"इंग्रजी माध्यमाची आहे हो ती. कुठला र कुठं बसतो, तिला काय कळणार?"

हे वाक्य मी काचेच्या केबिनमागं बसून ऐकलं. बोलणारे आचार्य होते. आमच्या हुलसूरच्या शाळेतून निवृत्त झालेले संस्कृतचे मास्तर. त्यांच्याकडं कसलीशी आचार्य पदवी होती आणि गाव त्यांना त्याच नावानं हाक मारायचं. मी तिथं आहे हे त्यांना दिसलं नाही. केबिनच्या काचेवर एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. ही पिवळी अक्षरं अजून होती, आणि खुर्ची जरा मागं ओढली की माझं डोकं आय.एस.डी.च्या मागं बरोबर झाकलं जायचं. ती माझी नेहमीची जागा होती.

आचार्यांच्या हातात मंगल कार्यालयाची पाटी होती. स्वयंपाकघरासाठी समितीनं काही नियम केले होते. ते आमच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये छापून, प्लास्टिकमध्ये घालून समितीनं पंगतीच्या भिंतीला लावले होते. टाइप मी केले होते. मी लिहिलं होतं: आचाऱ्यांनी चपला बाहेर काढाव्यात. आचाऱ्यांनी कामाच्या वेळी विडी ओढू नये. आचाऱ्यांनी उरलेले तूप घरी नेऊ नये.

छापून आलं होतं: आचार्यांनी चपला बाहेर काढाव्यात. आचार्यांनी कामाच्या वेळी विडी ओढू नये. आचार्यांनी उरलेले तूप घरी नेऊ नये.

एका लग्नाच्या दोन पंगती ती पाटी वाचत जेवल्या. चपला आणि विडी लोक विसरलेही असते. पण आचार्य प्रत्येक जेवणावळीला खिशात एक लहान स्टीलची डबी घेऊन जातात हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"अण्णा, तिला नीट समजावून सांगा," आचार्य म्हणाले. "आचारी वेगळा आणि आचार्य वेगळा."

सेंटर अण्णांचं. त्यांनी पाटी हातात घेऊन लांब धरली, जवळ धरली. "व्हय की," ते म्हणाले. "एक जण तूप वाढतोय." आणि पुढचं बोललेच नाहीत.

त्यांनी माझी बाजू घेतली नाही. मी पाटी टाइप करत होते तेव्हा ते माझ्याच खुर्चीमागं उभे होते. पडद्यावरचं 'आचाऱ्यांनी' त्यांनी मोठ्यानं वाचलं होतं आणि "शाबास, इंजिनेरबाई" असंही म्हटलं होतं. तरी आचार्य माझ्या र ची उत्तरक्रिया करत होते आणि अण्णा सुपारी कातरत होते.

आमच्याकडं निम्म्या गावाला अण्णा म्हणतात आणि उरलेल्याला अप्पा, म्हणून पुढं काहीतरी जोडावं लागतं. हे टेलिफोनअण्णा. खात्यात लाइनमन होते, आयुष्य खांबावर गेलेलं. आपोआप नंबर लागणारं नवं एक्स्चेंज आलं तेव्हा त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली आणि बस स्टँडजवळ बूथ काढला. काही वर्षं बूथसमोर रांगा लागल्या. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. अण्णांनी आधी झेरॉक्सचं मशीन आणलं, मग एक कॉम्प्युटर, मग चार. काचेची केबिन मात्र हलवली नाही. आतला काळा फोनही तसाच. त्याची तार भिंतीपाशी कापलेली होती, तरी रोज सकाळी ते तो ओल्या फडक्यानं पुसायचे.

लाइनमनचा चामडी पट्टा ते कॉम्प्युटरसमोर बसतानाही कमरेला बांधायचे. "अण्णा, खुर्चीवरून पडाल म्हणून बांधलाय का?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "खुर्ची बी लाकडाचीच हाय की. खांबच समजायचा, ठेंगणा." कसे आहात म्हटलं की उत्तर एकच, "लाईन क्लिअर." सर्दी झाली असली तर, "जरा घरघर हाय." बायकोशी भांडण झालं असलं तर, "दोन दिवस झाले, नुसती रिंग जायलीय."

जगातल्या सगळ्या बिघाडांचे त्यांनी तीन प्रकार केले होते. पहिला, मेला. दुसरा, घरघर. म्हणजे काम होतंय पण त्रास देऊन. तिसरा राँग नंबर. लावला एकाला, लागला दुसऱ्याला. त्यांचं म्हणणं, तिसरा सगळ्यात वाईट. "मेलेला फोन मेलेला दिसतो तरी. राँग नंबरवाला ग्वाड बोलतो आन् आपल्याला वाटतंय, लागला."

मी त्या वर्षी बीदरहून इंजिनियर होऊन घरी बसले होते. कंपनीचं पत्र हातात होतं, पण मंदी होती आणि कामावर कधी यायचं ती तारीख कंपनी पुढं पुढं ढकलत होती. आईनं मला अण्णांच्या सेंटरमध्ये पाठवलं, भिंती बघत बसण्यापेक्षा बरं म्हणून. मी कमी बोलायची. गुलबर्ग्याच्या शाळेत मराठी बोललं की गळ्यात पाटी अडकवायचे, आणि सुट्टीत गावी आले की माझ्या मराठीला चुलतभावंडं हसायची. दोन्हीकडून सुटायचा सोपा मार्ग मला लवकर सापडला होता.

अण्णांना ते चाललं नाही. त्यांच्या सेंटरमध्ये फॉल्ट, म्हणजे कॉम्प्युटरवर सापडलेला बिघाड, लिहून देता येत नसे. तो बूथमध्ये जाऊन, दार लावून, त्या मेलेल्या फोनवर बोलून सांगावा लागे. तोही तीन वाक्यांत. काय केलं. काय व्हायला पायजे हुतं. काय झालं. खात्यात असताना म्हणे लोक नुसतं 'फोन बंद हाय' एवढंच सांगायचे आणि अण्णा बारा खांब चढून बघायचे तर घरातल्या लहान पोरानं रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला असायचा. "बंद हाय, हे काय सांगणं झालं? हे रडणं झालं," असं ते म्हणायचे. बूथबाहेर ते स्वतः खात्यातल्या जुन्या गुलाबी तक्रार-चिठ्ठ्यांचं बुक घेऊन उभे राहायचे आणि काचेतून ऐकू आलेलं लिहून घ्यायचे.

मी चिठ्ठीवर तीन वाक्यं लिहून दाराखालून सरकवायची. अण्णा ती उचलायचे, कानाला लावायचे, थोडा वेळ ऐकल्यासारखं करायचे आणि परत आत सरकवायचे. "कागद बोलंना."

मग मी ते सगळं इंग्रजीत इंटरनेटवर नोंदवायची, कारण ज्यांना नोंदवायचं ते लोक जगभर पसरलेले होते. आम्ही वापरायचो तो लिहिण्याचा प्रोग्राम फुकट होता आणि त्याची आतली तारसुद्धा कुणीही उघडून बघावी अशी होती. तो बनवणारे बहुतेक लोक दिवसा दुसरीकडं नोकऱ्या करायचे आणि हे हौसेनं करायचे. पेटीबंद विकतच्या प्रोग्रामवर अण्णांचा राग होता. "तारा भिंतीत गाडलेल्या घरात मी ऱ्हाईन कसा? मला खांबावर चढता आलं पायजे." एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "अण्णा, हे नेमकं कुणाचं हाय?" अण्णा म्हणाले, "समद्यांचं. म्हणून बिघाड बी समद्यांचा. तुमची झेरॉक्स व्हायला येळ हाय, बसा हितं, एक फॉल्ट बघा."

झेरॉक्सला वेळ नसायचा. मशीन गरम व्हायलाय असं सांगून ते गिऱ्हाइकाला कॉम्प्युटरसमोर बसवायचे. नवी आवृत्ती बाहेर यायच्या आधी कच्ची आवृत्ती तपासायला देतात. ती अण्णा चारही कॉम्प्युटरवर घालायचे, कारण "लोकाला वाढायच्या आधी आपण चाखायचं." मग लोकांना सांगायचे, वाट्टेल ते करा. जातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आलेल्या माणसानं स्वतःचं नाव चाळीस वेळा लिहिलं. एका बाईनं छापण्याचं बटण दाबून धरलं, सोडलंच नाही. अण्णा स्वतः फाइल साठवताना मधेच प्लग काढायचे, जेवणाचा डबा कीबोर्डवर ठेवायचे. मी एकदा चिठ्ठी लिहिली की असं कुणी करत नाही. त्यांनी चिठ्ठी कानाला लावली, आणि मग डबा उचलून दुसऱ्या कीबोर्डवर ठेवला.

आचार्य येऊन गेले त्या आठवड्यात नव्या आवृत्तीला एक महिना राहिला होता. अण्णांनी सेंटरबाहेर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'येत्या रविवारी सकाळी दहा वाजता निवडणूक. सर्वांनी यावे. ओळखपत्र नको, चष्मा आणावा.'

निवडणूक म्हणजे धान्य निवडतात तशी. हा शब्द त्यांना लक्षुमक्कामुळं सुचला होता. लक्षुमक्का गुलबर्ग्याच्या डाळ मिलमध्ये अर्धं आयुष्य तुरीच्या डाळीतले खडे वेचत होती. गुडघे गेल्यावर गावी आली, रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला सेंटरमध्ये आली आणि मशीन गरम होईपर्यंत बसली. ती तिथंच राहिली, पडद्यावरचे खडे वेचत. तिला वाचता येत नव्हतं. अण्णा तिला 'आमची शिनियर' म्हणायचे.

मी तिला एकदा विचारलं होतं, म्हणजे खूण करून, की तुला हे दिसतं कसं. ती म्हणाली, "डाळीकडं बघायचंच न्हाई, लेकी. डाळ समदी सारखी. जे सारखं न्हाई ते आपुनच डोळ्यात घुसतंय."

रविवारी फळा वाचून एक पोलीस आला. "कसली निवडणूक? कुणाच्या परवानगीनं?"

"खड्यांची," अण्णा म्हणाले.

"मस्करी नको अण्णा. निवडणूक हाय तर आचारसंहिता कुठाय?"

"ती मंगल कार्यालयात लावलीय. तूप न्यायचं न्हाई, विडी वढायची न्हाई."

पोलीस हसला. पाटीची गोष्ट ठाण्यापर्यंत पोचली होती. अण्णांनी त्यालाही एका कॉम्प्युटरपुढं बसवलं. मी आय.एस.डी.मागं आणखी खाली सरकले. गावात दळण टाकायला गेलं तरी कुणी ना कुणी विचारत होतं, "काय गं, चपला भाईर काढू का?"

दुपारी गर्दी पांगल्यावर मी ती पाटी पुन्हा टाइप केली. मला स्वतःचीच खात्री उरली नव्हती. आचाऱ्यांनी. पडद्यावर बरोबर उमटलं. लक्षुमक्का शेजारी बसून, दुपारची भाकरी खाऊन हात पुसत बघत होती. मी फाइल साठवली, बंद केली, उघडली.

"इळा कुठं गेला?" लक्षुमक्का म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं.

"आत्ता हितं इळा हुता की. य च्या फुडं, आडवा. आता बघ, डोक्यावर चढून बसलाय."

मी पडद्याकडं बघितलं. आचार्यांनी. य च्या डोक्यावर रफार विळ्यासारखा लटकला होता. मी परत लिहिलं, परत साठवलं, परत उघडलं. दऱ्या लिहिल्या, त्यांचा दर्या झाला. दुसऱ्या लिहिलं, दुसर्या झालं. वाचता येणारे आम्ही सगळे अर्थ वाचत होतो. आकार फक्त तिनं बघितला होता.

अण्णा मागं येऊन उभे राहिले. त्यांनी खुर्ची ओढली, पट्टा सैल केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्याला लग्नाची बोलणी जुळल्यावर होतो तसा आनंद पसरला. "आचाऱ्याला लावला, आचार्याला लागला," ते म्हणाले. "राँग नंबर!"

दोन दिवस मी त्या प्रोग्रामच्या आतल्या तारा शोधत बसले. कारण छोटंसं निघालं. तो विळा जागेवर राहावा म्हणून र आणि य यांच्यात एक न दिसणारी खूण ठेवलेली असते. तिचं काम एवढंच, र ला सांगायचं की वर चढू नको, इथंच बस. कुणीतरी भल्या हेतूनं कच्च्या आवृत्तीत झाडलोट केली होती. साठवताना सगळ्या न दिसणाऱ्या खुणा कचरा म्हणून काढून टाकायच्या. फाइल परत उघडेपर्यंत पडद्यावर काही बदलत नव्हतं, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. ही आवृत्ती अशीच बाहेर पडली असती तर ती वापरणाऱ्या प्रत्येक शाळेतून, प्रत्येक छापखान्यातून तो र गेला असता. आणि दुसऱ्या माणसाबद्दल काही लिहायचं म्हटलं तरी मराठीला तो र लागतोच.

मी अण्णांना चिठ्ठी दिली: आता आचार्यांना सांगा की चूक माझी नव्हती.

त्यांनी चिठ्ठी कानाला लावली. मग गुलाबी बुकात नवीन पान काढलं, फॉल्ट लिहिला, प्रकार लिहिला आणि 'तक्रारदार' यापुढची ओळ मोकळी सोडली. "ज्याची तक्रार हाय त्यानं सांगायचं," ते म्हणाले. "मी लाइनमन."

मला त्या दिवशी त्यांना त्याच पट्ट्यानं खुर्चीला बांधून ठेवावं असं फार वाटलं.

इंटरनेटवर मी सगळं नीट लिहून नोंदवलं. पहिलं उत्तर आलं, आमच्याकडं असं होत नाही. त्या माणसानं नुसता र लिहून बघितला होता. मी त्याला एक एक पायरी लिहून पाठवली. दुसरं उत्तर दुसऱ्याच माणसाकडून आलं. अदृश्य खुणा काढणं हे मुद्दाम केलेलं आहे, हा बिघाड नाही. आणि त्यानं तक्रार बंद केली.

"बंद केली?" अण्णा खुर्चीतून उठले. खात्यात असतानाही ते कधी एवढे चिडल्याचं मी ऐकलं नव्हतं. "फॉल्ट क्लिअर झाला असं कोण म्हणतं? तक्रारदार म्हणतो! त्याला फोन लावून इचारायचं, तुमचा फोन चालू झाला का. तो व्हय म्हणंपर्यंत चिठ्ठी फाडायची न्हाई. उघड परत."

मी परत उघडली. त्यांनी परत बंद केली. मी परत उघडली. खाली दोन अनोळखी लोकांनी येऊन लिहिलं की आमच्याकडंही असंच होतंय. त्यातला एक सोलापूरकडचा होता. त्याच्या कविता बिघडत होत्या. तेवढ्यात महिना संपत आला. एकदा ठरलेला दिवस आला की नवीन दुरुस्त्यांना दार बंद होतं. त्यानंतर फक्त असा फॉल्ट हातात घेतात ज्याच्यासाठी आख्खी आवृत्ती थांबवावी लागेल. तसे किती उरलेत हे ठरवायला शेवटच्या आठवड्यात एक बैठक होती, इंटरनेटवर, नुसत्या आवाजांची. दुपारी चार वाजता. माझी तक्रार यादीत शेवटची होती.

अण्णांनी माइक माझ्यासमोर ठेवला. मी मान हलवली. त्यांनी माइक आणखी जवळ सरकवला. मी खुर्ची मागं सरकवली. असं करत मी भिंतीला टेकले. शेवटी मी कोऱ्या कागदाचा गठ्ठा पुढं ओढला आणि लिहायला लागले. अण्णांनी हताश होऊन लक्षुमक्काकडं बघितलं.

"तुमीच बोला की," ती म्हणाली. "खांबावरून वरडत हुताव की, तसंच."

अण्णांचं इंग्रजी म्हणजे टेलिफोन खात्याचं. आमचा नंबर आला तेव्हा ते उभे राहिले, पट्टा घट्ट केला आणि ओरडले, "हॅलो! हुलसूर स्पीकिंग! प्लीज बुक वन फॉल्ट!"

पलीकडं कुणाचा तरी कप बशीवर आपटला. मग बैठक चालवणारा माणूस, ज्याचा आवाज थकलेला पण सभ्य होता, म्हणाला, बोला.

मी इंग्रजीत चिठ्ठ्या लिहून देत होते, अण्णा वाचत होते. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. पूर्णविरामसुद्धा ते 'फुलस्टॉप' म्हणून वाचत होते. अडलेला शब्द खात्याच्या पद्धतीनं सोडवून सांगत होते. आर फॉर रायचूर, ए फॉर आळंद. मी घाईघाईनं एक चिठ्ठी सरकवली, अण्णा, हळू बोला, ते लोक बहिरे नाहीत. त्यांनी तीही वाचून दाखवली.

थकलेला आवाज म्हणाला, "मला तुमचा मुद्दा कळतो. पण ही खूण दिसतच नाही. न दिसणारी गोष्ट गेली, तर कुणाच्या लक्षात येणार?"

मी जे लिहिलं ते विचार करून लिहिलं नाही. पेन जाईल तसं लिहिलं. अण्णांनी चिठ्ठी घेतली, आधी मनात वाचली, माझ्याकडं भुवया उंचावून बघितलं आणि मग आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात, एक एक शब्द सुटा करून वाचली: "सर, आमच्या गावात एका माणसाच्या लक्षात आलं आहे. तूप चोरू नका, असं आम्ही त्याला भर लग्नात लिहून सांगितलं आहे."

कुठल्यातरी देशात कुणीतरी खुर्ची मागं सरकवल्याचा आवाज आला. मग कुणीतरी हसलं. मग त्यांनी ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली, आणि अण्णांनी कुठलीही चिठ्ठी न घेता सांगितली, पाटी, पंगत, डबी, सगळं. ते इंग्रजी मी परत कधी ऐकलं नाही, पण पलीकडं सगळ्यांना कळलं. थकलेला आवाज हसू आवरत म्हणाला, दुरुस्ती सोपी आहे, मी स्वतः करतो. आवृत्ती एक दिवस थांबवू. पण उद्या दुपारपर्यंत कुणीतरी तपासून सांगायला हवं. कोण तपासेल?

"आवर सीनियर मोस्ट," अण्णा म्हणाले. "लक्षुमक्का, एक्स डाळ मिल."

मी आता हैदराबादला असेच प्रोग्राम तपासणाऱ्या एका कंपनीत काम करते. तपासणीच्या बैठकांना माझ्याइतकं मोजकं कुणी बोलत नाही, आणि जे बोलते ते तीन वाक्यांत. नवीन आलेली पोरं विचारतात, ही पद्धत तुम्ही कुठं शिकलात. मी सांगत नाही. आई परवा फोनवर म्हणाली, अण्णांनी आता केबिनमधल्या मेलेल्या फोनला तार जोडून घ्यायचं मनात आणलंय. का, तर वापर वाढलाय.

त्या माणसानं एवढी मेहनत घेऊन मला बोलतं केलं, असं गावात सांगतात. मला ते तसं वाटत नाही. एका शब्दात सुटणारी गोष्ट त्यांनी महिनाभर लोंबकळत ठेवली आणि ते मजा बघत होते, हेही तितकंच खरं आहे. मी एकदा त्यांना तसं लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. कागद बोलला नसावा.

दुरुस्त झालेली आवृत्ती त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मी पाटी टाइप केली, साठवली, बंद केली. मग उघडली. लक्षुमक्का पडद्याच्या इतकी जवळ वाकली की तिच्या श्वासानं काच धुरकटली.

"आला," ती म्हणाली. "इळा जागंवर आला. ह्यो बी, ह्यो बी, आन् तुपावाला बी."

मी इंटरनेटवर लिहिलं, तपासलं, बरोबर आहे. तिकडून तक्रार बंद झाली. मी अण्णांच्या गुलाबी बुकाकडं बोट केलं. त्यांनी पान उघडलं, बघितलं आणि परत मिटलं.

"अजून क्लिअर न्हाई."

मी भुवया उंचावल्या. कामून?

"तक्रारदार बोलला न्हाई अजून."

नवी पाटी छापली. समितीनं शहाणपण करून ती लावायच्या आधी तपासायला आचार्यांनाच पाठवलं. ते दुपारी आले, चष्मा पुसला, उभ्याउभ्याच पाटी वाचली. प्रत्येक आचाऱ्यावर बोट ठेवून वाचली. तुपाच्या ओळीवर बोट जरा जास्त वेळ थांबलं. झेरॉक्ससाठी आलेली दोन माणसं मशीन गरम व्हायची वाट बघत ऐकत होती.

"ठीक," आचार्य अण्णांना म्हणाले. "सुधारलं म्हणायचं पोरीनं. होते चूक. इंग्रजी माध्यम."

अण्णा उठले. त्यांनी गुलाबी बुक काढलं, ते पान उघडलं, कानामागचं पेन घेतलं आणि दुसऱ्या हातानं केबिनचं दार माझ्यासाठी उघडून धरलं. आतला काळा फोन सकाळीच पुसलेला होता. लक्षुमक्का भाकरी हातात धरून थांबली.

मी आय.एस.डी.च्या मागून उठले. केबिनमध्ये गेले नाही. उघड्या दारावरून पुढं गेले, आचार्यांच्या समोर उभी राहिले. शाळेतलं इंग्रजी, पुस्तकातली मराठी, सगळं मागं राहिलं, आणि जे बाहेर आलं ते आईच्या बोलीतलं होतं.

"मी काय बी सुधारले न्हाई, आचार्य. माझा र पयल्यापासून जागंवरच हुता."